कर्दळ, लिली आणि वीसपैकी एकोणीस

कर्दळ आणि मे महिन्यातली लिली या दोन झाडांची तुलना मी आयुष्यात एकदाच लेखी केली. चौदाव्या वर्षी, इंग्रजीत. त्या निबंधाला मला वीसपैकी एकोणीस मार्क मिळाले होते. गेल्या रविवारी अनन्याने फोनच्या पडद्यावर माझ्या बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटची गॅलरी पाहिली आणि विचारलं, ‘‘आजी, त्या कुंडीत तर नुसती माती आहे. मग ती का ठेवलीयस?’’ मी म्हटलं, सांगते कधीतरी, आणि तिच्या भावाच्या, ईशानच्या दाताची चौकशी करून विषय बदलला. हे त्याचं उत्तर. तुम्हा दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. तरी हे मी मराठीतच लिहिणार आहे. कारण वाचता वाचता कळेल. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आम्ही तेव्हा याच शहरात, बसवनगुडीत, एका जुन्या घराच्या मागच्या भागात भाड्याने राहत होतो. पुढच्या भागात घरमालकीण अक्का. बाबा कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. सकाळी भोंगा व्हायच्या आत त्यांची बस गाठायची असे, त्यामुळे आमचं घर घड्याळाआधी उठायचं. जमीन लाल, गुळगुळीत, पावलांना थंड. पहाटे अक्कांकडचा रगडा घरघरू लागला की आज इडली की डोसे, हे मी आणि ताई अंथरुणातूनच ओळखत असू. इडलीचं वाटण जाड, त्याचा आवाज खरखरीत. डोशाचा मऊ. आईला हे आवडत नसे. ‘‘दुसऱ्याच्या घरी काय रांधतायत यावर कान ठेवून असता!’’ पण थोड्या वेळाने भिंतीवरून अक्कांचा हात आला, त्यात झाकलेलं ताट असलं, की तीच सगळ्यात आधी झाकण उघडून बघायची.

अक्कांचं घराणं बंगळुरात कधी आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. ‘‘आमचे घोड्यावरून आले, तुमचे रेल्वेतून आले, एवढाच फरक की,’’ असं त्या म्हणायच्या. त्यांच्या मराठीत निम्मे शब्द कानडी. साखर स्वल्प घाल, सरी, उद्या बघू, सुम्ने कशाला रडतेस. सरी म्हणजे बरं, सुम्ने म्हणजे उगाच. आई सातारची. ‘‘ही काय मराठी झाली?’’ असं ती दार लावून म्हणे, आणि दोन वर्षांतच बाजारात भाजीवाल्याला ‘‘स्वल्प कमी कर’’ म्हणू लागली. अक्कांना मात्र आईची भाषा फार आवडे. ‘‘तुझी आई बोलते ते पुस्तकासारखं असतंय,’’ त्या मला सांगत. ‘‘स्वल्प भीती वाटते, पण ऐकावंसं वाटतंय.’’

आमच्या वाट्याला आलेल्या मागच्या अंगणात दोनच झाडं लावण्यासारखी जागा होती. न्हाणीघराचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे आईची कर्दळ. साबणाचं पाणी पिऊन ती अशी माजली होती की तिची पानं न्हाणीच्या खिडकीतून आत डोकवायची. तांबडी फुलं, पिवळ्यावर तांबडे ठिपके असलेली फुलं, बाराही महिने काही ना काही. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापला की शेजारून दुसरा तयार. केळीचं पान नसेल त्या दिवशी नैवेद्य कर्दळीच्या पानावर. तिच्या काळ्या, गोट्यांसारख्या बिया मी पत्र्याच्या डबीत साठवायची आणि आकाराप्रमाणे लावून ठेवायची. हसू नका. तुमच्या आजोबांच्या औषधांच्या गोळ्याही मी पुढे तशाच लावल्या.

दुसऱ्या बाजूला, भिंतीच्या कडेला, फुटक्या कौलांची कड केलेला हातभर वाफा होता. तो ताईचा. अक्कांनी तिला तीन कांदे दिले होते, आपण खातो त्या कांद्यांएवढे. डिसेंबरात या लिलीची पानं पिवळी पडून झडून जात. मग चार-पाच महिने नुसती तांबडी माती. एप्रिलमध्ये वळवाची एखादी सर पडली की मातीतून भाल्यासारखं टोक वर येई, पानाच्या आधीच, आणि मे महिन्यात त्यावर हा एवढा लालभडक चेंडू, शेकडो बारीक फुलांचा. आठ-दहा दिवस. पुन्हा वर्षभर काही नाही. आई म्हणायची, ‘‘आठ दिवसांच्या फुलासाठी वर्षभर जागा अडवायची!’’ ताई वाफ्याची कौलं सरळ करायची.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण सुधा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गायची छान, नक्कल त्याहून छान करायची. अक्का आणि आई भिंतीच्या दोन बाजूंनी बोलतायत हे ती एकटीच दोन आवाजांत करून दाखवी. मग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, दिवाळी झाली, आणि ताई बोलेनाशी झाली. काही घडलं होतं का? मला ठाऊक नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे. ती उठायची, न्हायची, पुढे ठेवलेलं थोडं खायची आणि मागच्या पायरीवर जाऊन बसायची. हाक मारली तर बघायची, एवढंच. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, देवीची ओटी भरून झाली, काही फरक नाही. आईने बाहेर सांगितलं, सुधाला टायफॉइड झालाय. आणि मला एकटीला स्वयंपाकघरात नेऊन बजावलं, ‘‘विजू, हे बाहेर बोलायचं नाही. मैत्रिणींना नाही, शाळेत नाही. तिचं लग्न व्हायचंय.’’ अक्कांना सांगायची गरजच नव्हती, त्या भिंतीपलीकडेच होत्या. त्या रोज दुपारी यायच्या, पायरीवर ताईशेजारी बसून शेवंतीचे गजरे करायच्या आणि सगळ्या गल्लीच्या बातम्या तिला सांगायच्या, जणू ती मधूनमधून हुंकार देतेच आहे.

मार्च महिन्यात एका दुपारी ताई जेवताना म्हणाली, ‘‘आमटी खारट झालीय.’’ आई उठून देवापुढे गेली आणि तिथेच बसून राहिली. बाबांनी ती आमटी दोनदा वाढून घेतली. त्यानंतर हळूहळू ताई परत आली. कॉलेज सुटलं ते सुटलंच, पण पुढच्या दिवाळीपर्यंत ती पुन्हा गुणगुणू लागली होती.

त्याच दिवाळीनंतर शाळेत इंग्रजीच्या मिसनी निबंध दिला. कोणत्याही दोन गोष्टींची तुलना करा. माझी शाळा कॉन्व्हेंट. वर्गातल्या मुली पहाट आणि संध्याकाळ, शहर आणि खेडं असलं लिहिणार हे मला दिसत होतं. मी दोन झाडं घेतली. पहिली दोन पानं बरी होती. कर्दळीची मुळं आडवी पसरतात, लिलीचा कांदा एका जागी राहतो. कर्दळीला रोज पाणी लागतं, लिलीला झोपेच्या महिन्यांत पाणी घातलं तर ती कुजते. सगळं खरं, क्रमाने. पण शेवटी मला शेवट सुचेना. आणि मग सुचला. मी लिहिलं की मी कर्दळीसारखी आहे, रोज काहीतरी फुलवून दाखवणारी, आणि माझी बहीण लिलीसारखी. पुढचं वाक्य मला अजून पाठ आहे. मराठीत ते साधारण असं होईल: गेल्या वर्षी माझी बहीणही मातीखाली गेली, पाच महिने ती एक शब्द बोलली नाही आणि ती जिवंत आहे की नाही हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं, मग मे महिन्यातल्या एका सकाळी ती गात गात वर आली. मिसनी त्या वाक्याशेजारी समासात तांबड्या शाईने एक शब्द लिहिला होता, ‘सुंदर’. आमटीचा त्यात उल्लेख नव्हता.

तुम्ही विचाराल, आईने बजावलं असताना मी हे लिहिलंच कसं? मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. खरं सांगायचं तर मला ते सांगणं वाटलंच नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं. आमच्या घरात इंग्रजी म्हणजे बाबांच्या ऑफिसचे कागद आणि माझी शाळा. इंग्रजीत लिहिलेलं म्हणजे कुणालाच न सांगितलेलं, अशी माझी ठाम समजूत होती. बाबांना मी वही दाखवली, पण त्यांनी फक्त शीर्षक आणि शेवटचे मार्क पाहिले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

जानेवारीत ताईला बघायला बेळगावची मंडळी आली. मुलगा बंगळुरातच एका संशोधन संस्थेत होता. त्याची आई आणि मामा बेळगावहून आले होते. मामा निवृत्त हेडमास्तर. पत्रिका आधीच जुळली होती. आईने ताईसाठी चिकपेटमधून मोरपंखी साडी आणली होती. अक्कांनी सकाळीच चिरोटे पाठवले होते, पोह्यांबरोबर द्यायला, आणि वर निरोप, ‘‘पोहे सगळ्यांच्या घरी असतात, चिरोटे खाऊन माणूस होकार देतंय.’’ ताई सकाळपासून गुणगुणत होती. मला वेणी घालताना तिने आईची नक्कलही केली: ‘‘विजू, मान सरळ. मान सरळ ठेवणारीलाच चांगला नवरा मिळतो.’’

बाहेरच्या खोलीत सगळं नीट चाललं होतं. मुलगा उंच, लाजरा, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. चिरोटा त्याने चमच्याने मोडायला घेतला आणि त्याचा चुरा त्याच्या शर्टापासून आमच्या सतरंजीपर्यंत उडाला. तो म्हणाला, ‘‘हा प्रयोग फसला.’’ आणि ताई हसली. तोंडावर पदर घेऊन नव्हे, मोकळी, आवाज करून. आईने घाबरून तिच्याकडे पाहिलं. पण मुलगाही हसत होता. ‘‘गाता असं ऐकलं,’’ तो म्हणाला. ‘‘हो,’’ ताई म्हणाली, ‘‘पण माझाही प्रयोग फसला तर?’’ वर्षभरात मी तिला परक्या माणसाशी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. ते स्थळ जमलं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, पण एवढं मला कळत होतं.

मग मामांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ‘‘ही धाकटी कॉन्व्हेंटमध्ये ना? म्हणून दाखव बघू काहीतरी इंग्रजीत.’’ बाबांचा चेहरा उजळला. ‘‘विजू, तो निबंध आण. वीसपैकी एकोणीस आहेत, मामासाहेब. आमच्या अंगणातल्या झाडांवर आहे.’’ थोरलीला बघायला आलेल्या माणसांसमोर धाकटीचं कौतुक करायचं नसतं, हे आमच्या घरातल्या भिंतीलाही माहीत होतं. पण इंग्रजी आलं की बाबांचं भान सुटायचं. मीही वही आणायला धावतच गेले.

मी उभी राहून वाचू लागले. आई ताटलीत आणखी पोहे वाढत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती, शब्द न कळता, नुसत्या सुरावर. मामा डोळे मिटून मान हलवत होते, वर्गातल्यासारखे. मुळं झाली, पाणी झालं. पान उलटलं तेव्हा मी वर पाहिलं. ताईला इंग्रजी चांगलं येत होतं. कर्दळीशी मी माझं नाव जोडलं तेव्हाच तिला पुढचं कळलं असावं. तिने मान हलवली. इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला दिसली नसेल. नको. मला ती दिसली. तिथे थांबता आलं असतं. पान चुकलं म्हणता आलं असतं, खोकता आलं असतं. पण समासात तांबड्या शाईतला तो शब्द होता आणि वाक्य चांगलं होतं. मी ते वाचलं. नुसतं वाचलं नाही, मिसनी शिकवल्याप्रमाणे ‘पाच महिने’च्या आधी क्षणभर थांबले.

बाबांचा हात कपावर राहिला. मामांनी डोळे उघडले. मुलगा सतरंजीवरच्या चुऱ्याकडे बघत होता. ‘‘छान आहे हो इंग्रजी मुलीचं,’’ मामा म्हणाले. मुलाच्या आईने त्यांच्याकडे वळून हळूच विचारलं, ‘‘काय लिहिलंय?’’ त्यांनी दोन-चार शब्दांत काहीतरी सांगितलं. मग ती माझ्या आईकडे वळली. ‘‘पाच महिने काय झालं होतं हो?’’ आईच्या हातात अजून पोह्यांचा डाव होता. ‘‘टायफॉइड,’’ ती म्हणाली. पण त्याआधी तिने बाबांकडे पाहिलं होतं, आणि ते पाहणं सगळ्यांनी पाहिलं.

हात धुवायला मामा मागच्या अंगणात आले तेव्हा पाणी द्यायला ताई गेली. मी दारात होते. ‘‘ही ती कर्दळ,’’ मामा म्हणाले. ‘‘आणि लिली?’’ ताईने कौलांच्या आतल्या उघड्या मातीकडे बोट दाखवलं. ‘‘इथे आहे.’’ ‘‘दिसत नाही ती.’’ ‘‘मे महिन्यात दिसेल,’’ ताई म्हणाली. मामांनी हात पुसले, पंचा घडी करून तिला परत दिला. माणूस वाईट नव्हता. ‘‘जपून राहा हो बाळ,’’ ते म्हणाले, आणि त्या आवाजावरून मला कळलं की ते परत येणार नाहीत.

आठ दिवसांनी पत्र आलं. पत्रिकेत दोष निघाला होता. आई म्हणाली, ‘‘पत्रिका तर जुळली होती ना?’’ मग बाबांनी तिला सांगितलं. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं, त्याच जागी, आणि म्हणाली, ‘‘मराठीत सांग.’’ मी वही धरून एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. ते वाक्य आलं आणि मराठीत ते तोंडातून निघेना. माझी बहीण मातीखाली गेली. इंग्रजीत जे सुंदर होतं ते इथे, चुलीशेजारी, नुसतं अभद्र होतं. ‘‘शुभ बोल गं!’’ आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग तो काढून तिने एवढंच विचारलं, ‘‘सुधाला कळत होतं, तू वाचत होतीस तेव्हा?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तुला कळत होतं, की तिला कळतंय?’’

मी वही मिटली. आईने परत कधी हा विषय काढला नाही. बाबांनीही कुणापुढे मला पुन्हा इंग्रजी वाचायला सांगितलं नाही.

त्या रविवारी मी खुरपं घेतलं आणि ताईच्या वाफ्यात खणायला सुरुवात केली. मला ते कांदे उपटून फेकायचे होते. त्यांच्यामुळेच हे झालं, असं काहीतरी डोक्यात होतं. भिंतीवरून अक्का ओरडल्या, ‘‘अय्यो विजू, बेडा, नको! झोपलेल्याला कुणी खणतंय का?’’ त्या आवाजाने ताई बाहेर आली. तिने माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. एक कांदा अर्धा उघडा पडला होता. तिने तो बोटाने पुसला आणि मला दाखवला. तळाशी पांढरी, जाड, ताजी मुळं होती.

‘‘झोपलेली नसते ती, अक्का,’’ ताई म्हणाली. मग माती लोटता लोटता, माझ्याकडे न बघता, ‘‘मीही झोपले नव्हते, विजे. मला सगळं ऐकू येत होतं. बाबा डॉक्टरांना काय म्हणाले ते. आई टायफॉइड म्हणायची ते. तू दारात उभी राहून तुझ्या मैत्रिणीला म्हणालीस, आमची ताई आता अशीच राहणार, तेही.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. ‘‘जिवंत आहे की नाही ठाऊक नव्हतं, असं लिहिलंस. विचारायचंस ना.’’

अक्का भिंतीवरून म्हणाल्या, ‘‘सरी. कॉफी करते. दोघी या.’’

पुढे आणखी दोन स्थळं आली. दोन्ही वेळा ताईनेच नको म्हटलं. तिने बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स केला आणि छत्तीस वर्षं लहान मुलांना गाणी शिकवली. तिचं आयुष्य वाया गेलं असं म्हणणारी माणसं भेटली, त्यांच्याशी मी भांडले. आयुष्य वाया गेलं नाही. पण चिरोट्याच्या चुऱ्यावर ती हसली ते हसू मी पुन्हा ऐकलं नाही, आणि ते कुठे गेलं हे मला ठाऊक आहे. मी लग्न करून भोपाळला गेले, मग तुमचे आजोबा जिथे जिथे गेले तिथे तिथे. दर मे महिन्यात ताईचं कार्ड यायचं. खुशाली, पावसाचं, आणि शेवटच्या ओळीत एक आकडा: यंदा चार. यंदा सात. यंदा अकरा. मी उत्तरात माझ्या बागेबद्दल लिहायची. कर्दळ, कर्दळ, कर्दळ. जाईन तिथे ती फुलायचीच.

आता त्या वाक्याकडे परत येते. त्या पाच महिन्यांत ताईला काय झालं होतं, हे मला ठाऊक नाही. तिने तर मला सांगून ठेवलं होतं, विचारायचंस ना. त्यानंतर आम्ही कितीदा भेटलो. सुट्ट्यांत, आईच्या दुखण्यात, बाबा गेल्यावर त्यांची कपाटं आवरताना. ते घर सोडायच्या दिवशी लाल जमिनीवर दोघीच बसून डब्यातला दहीभात खाताना. कितीतरी वेळा प्रश्न माझ्या जिभेवर आला. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता कशाला, तिला त्रास होईल. त्रास मला होणार होता. ताई जाऊन आता दोन वर्षं झाली. तिच्या खोलीतून मी दोन गोष्टी आणल्या, ती मोरपंखी साडी आणि ही लिलीची कुंडी. त्या दिवसानंतर साडीची घडी पुन्हा मोडलेली नव्हती.

जानेवारी चालू आहे. कुंडीत नुसती माती आहे आणि मी तिला पाणी घालत नाही. आत काय आहे ते मला माहीत आहे, तरी रोज सकाळी चष्मा लावून एकदा बघते. अनन्या, तू मागे लागून विचारलंस, आणि मी दाताचा विषय काढला तरी फोन ठेवताना पुन्हा विचारलंस, ‘‘पण आजी, त्यात आहे काय?’’ तू दहा वर्षांची आहेस. मी चौदाची होते, आणि मग चाळिशीची, आणि मग सत्तरीची, आणि एकदाही विचारलं नाही.